आधी पुरावा, मग ब्लॉक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीला कुणी घाणेरडे मेसेज पाठवले की घरातून पहिला सल्ला येतो: ब्लॉक कर, डिलीट कर आणि विसरून जा. आई हेच सांगते, मैत्रीण हेच सांगते, कॉलेजातल्या बाईही हेच सांगतात. काळजीपोटी दिलेला हा सल्लाच पुढे तक्रारीचा घात करतो. पंधरा दिवसांनी तोच माणूस दुसऱ्या खात्यावरून परत येतो, या वेळी फोटो घेऊन, आणि पोलिस ठाण्यात दाखवायला हातात काहीही उरलेलं नसतं. अशा तक्रारी नेमक्या कुठे अडतात आणि कशामुळे, ते वाचकांसमोर यावं म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण या विषयात अर्धवट माहिती घातक ठरते.

क्रम असा हवा: आधी साठवा, मग त्या कंपनीला कळवा, मग पोलिसांकडे जा, आणि ब्लॉक शेवटी. अपवाद एकच. समोरचा घराबाहेर किंवा हॉस्टेलच्या दारात उभा असेल, जिवाला धोका असेल, तर सगळं बाजूला ठेवून ११२ फिरवा.

साठवणं म्हणजे नुसता स्क्रीनशॉट नव्हे. बहुतेक जणी स्क्रीनशॉट काढतात, नेमका मेसेज तेवढा कापून घेतात, त्यावर लाल गोल काढतात, मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि किळस येते म्हणून मूळ चॅट पुसून टाकतात. कापलेल्या चित्रात खात्याचं नाव, तारीख, वेळ राहत नाही. गोल काढलेलं चित्र म्हणजे फेरफार केलेलं चित्र, असं समोरचा वकील म्हणणारच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि त्याच्या पोटातली मूळ माहिती निघून जाते. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं किंवा स्वतःलाच ईमेल करावं. आणि मूळ चॅट गेलं की हातात उरते ती फक्त नक्कल.

त्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा. आधी फोनमधली तारीख-वेळ दाखवा, मग ते खातं उघडा, प्रोफाइल दाखवा, तिथून चॅटमध्ये या आणि वरपासून खालपर्यंत सावकाश सरकत जा. त्यानंतर प्रत्येक पडद्याचा अख्खा स्क्रीनशॉट घ्या. जमलं तर तेच पान संगणकावर उघडा, म्हणजे वरच्या पट्टीतला पत्ताही चित्रात येईल. खात्यावर झळकणारं नाव पुरावा म्हणून फारसं कामाचं नाही, ते मिनिटात बदलता येतं. यूजरनेम आणि लिंक हवी. इन्स्टाग्रामवर यूजरनेम बदललं की प्रोफाइलची जुनी लिंक चालत नाही, म्हणून त्या त्या पोस्टची किंवा रीलची लिंकही वेगळी उतरवून ठेवा. व्हॉट्सॲपवर नंबर कुठल्या नावाने सेव्ह असेल तर चॅटमध्ये फक्त ते नाव दिसतं. संपर्काचं पान उघडून नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि ‘एक्सपोर्ट चॅट’ करून पूर्ण संभाषण मीडियासकट बाहेर काढावं.

यात वेळ दवडता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवणारा दोन दिवसांहून थोड्या जास्त काळापर्यंत आपला मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसू शकतो. टेलिग्रामवर तर तो केव्हाही दोन्हीकडचं संभाषण साफ करू शकतो. स्नॅपचॅट स्क्रीनशॉट काढल्याची वर्दी समोरच्याला देतं, तिथे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढणं शहाणपणाचं. ‘एकदाच पाहा’ प्रकारातला फोटो आला तर तो लगेच उघडू नका. त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही आणि तो दुसऱ्यांदा उघडत नाही, त्यामुळे शेजारी दुसरा फोन कॅमेरा सुरू करून तयार ठेवा आणि मगच उघडा. व्हॉट्सॲपचं ‘रिपोर्ट’ बटण दाबताना आपल्या फोनमधलं चॅट पुसण्याचा पर्यायही सोबत येतो. घाईत त्यावर बोट पडून सगळं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

यासाठी एक साधी वही घाला. तारीख, वेळ, कुठल्या ॲपवर, खात्याचं नाव, लिंक, काय झालं, आणि त्याची फाइल कुठल्या नावाने ठेवली आहे, एवढे रकाने पुरेत. वेळ मिनिटापर्यंत लिहा. हा नुसता काटेकोरपणा नाही. आरोपीपर्यंत पोहोचायचा रस्ता असा असतो: पोलिस त्या कंपनीला नोटीस देतात, कंपनी त्या खात्याचा फोन नंबर, ईमेल आणि ते कुठल्या आयपी पत्त्यांवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून) वापरलं गेलं त्याची नोंद देते, आणि मग तो आयपी पत्ता त्या क्षणी कुठल्या ग्राहकाकडे होता हे टेलिकॉम कंपनीला विचारलं जातं. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. त्यातून एक माणूस वेगळा काढायला नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक (त्या जोडणीला त्या क्षणी मिळालेला वेगळा आकडा) लागतो. शिवाय कंपन्यांच्या नोंदी बऱ्याचदा जागतिक वेळेत असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. त्या फरकाचा हिशेब चुकला तर भलत्याच माणसाच्या दारात जाण्याची वेळ येते. ‘साधारण मागच्या आठवड्यात संध्याकाळी’ अशा तक्रारीतून कुणीच सापडत नाही.

ज्या फोनवर मेसेज आले तो फोन रिसेट करू नका, विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातूनच आला आहे: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य, असं त्यात स्पष्ट झालं. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. या प्रमाणपत्राच्या नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत, अ भाग पुरावा सादर करणाऱ्याचा आणि ब भाग तज्ज्ञाचा. फाइलचं हॅश मूल्यही त्यात लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. आतला एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. हे काम वकील करतील, पण त्यासाठी मूळ फाइल कुणी हात न लावलेली असायला हवी.

पुरावा गोळा झाल्यावर एक गोष्ट करण्यासारखी आहे, तीही एकदाच. समोरच्याला स्पष्ट शब्दांत लिहा: ‘मला तुमच्याशी संपर्क नको आहे, पुन्हा मेसेज करू नका.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाची जी व्याख्या आहे तिचा गाभाच हा आहे, की बाईने स्पष्ट नकार दर्शवूनही माणूस वारंवार संपर्क साधतो किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवतो. नकार लेखी असला की वाद राहत नाही. शिवीगाळ नको, धमकी नको, ‘तुझं तोंड दाखव’ असं आव्हान नको. भावाने त्याला फोन करून दम देणं तर मुळीच नको. तो सावध होतो, खातं उडवतो, आणि उलट धमकावल्याची तक्रार आपल्यावर येते.

आता कंपनीकडच्या तक्रारीबद्दल. लोक ‘रिपोर्ट’ बटण दाबतात, दोन दिवसांनी ‘हे आमच्या नियमांविरुद्ध नाही’ असं छापील उत्तर येतं आणि तिथेच थांबतात. ते बटण दाबावं, पण खरी तक्रार तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कंपनीने या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर, ॲपवर द्यावा लागतो. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांसाठी तो अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. याच नियमांच्या ३(२)(ब) मध्ये असं आहे, की एखाद्या व्यक्तीचे गुप्तांग दाखवणारा, पूर्ण किंवा अर्धनग्न, लैंगिक कृतीचा किंवा तिच्या नावाने बनवलेला मजकूर, मॉर्फ केलेल्या (छेडछाड करून बनवलेल्या) चित्रासकट, त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी कळवल्यावर दोन तासांच्या आत हटवायलाच हवा (फेब्रुवारी २०२६ आधी ही मुदत २४ तासांची होती). त्याहून एक तासही जास्त नाही. न्यायालयाचा आदेश लागत नाही, एफआयआरही लागत नाही.

तक्रार छोटी ठेवा. प्रत्येक पोस्टची लिंक वेगळ्या ओळीत, ‘या चित्रातली व्यक्ती मी आहे, हे माझ्या संमतीशिवाय टाकलं आहे’ हे एक वाक्य, नियम ३(२)(ब) चा उल्लेख, पाठवल्याची वेळ. अख्ख्या प्रोफाइलची लिंक देऊन ‘यातलं सगळं काढा’ म्हटलं तर काहीच निघत नाही, तिथल्या माणसाला नेमकी पोस्ट लागते. काढून टाकलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवण्याचं बंधनही याच नियमांत आहे. म्हणून ‘पोस्ट निघाली तर पुरावा जाईल’ या भीतीने ती तशीच राहू देऊ नये. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. ही समिती जानेवारी २०२३ मध्ये नेमली गेली; तिची माहिती फार थोड्या लोकांना आहे.

खासगी फोटो अजून कुठे आलेले नाहीत, पण टाकण्याची धमकी आहे, अशा वेळी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा वापरा. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमधून ती सुरू झाली, ती विनामूल्य आहे आणि १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही. त्याचा हॅश तिथल्या तिथे तयार होतो आणि फक्त तोच फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. तो फोटो कुणी चढवायला गेलं की ओळखला जातो. मर्यादाही सांगायला हव्यात. मूळ फोटो तुमच्याकडे असायला हवा. कापलेल्या, बदललेल्या आवृत्त्यांचा हॅश वेगळा द्यावा लागू शकतो. आणि व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये ही युक्ती चालत नाही. १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ नावाची सेवा आहे. गूगलच्या शोधात असे फोटो दिसत असतील तर त्यांच्या वेगळ्या अर्जाने ते निकालांतून काढता येतात, मात्र तेवढ्याने ते मूळ संकेतस्थळावरून जात नाहीत. दोन्हीकडे अर्ज करावा लागतो.

पोलिसांकडे जाण्याचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, राष्ट्रीय पोर्टल: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. त्यात महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देता तक्रार करण्याची सोय आहे. मजकूर हटवला जावा एवढाच हेतू असेल तर निनावी तक्रार चालेल. पण तिचा पाठपुरावा करता येत नाही, आणि आरोपी पकडला जावा असं वाटत असेल तर नाव द्यावंच लागतं. पोर्टलवर मिळणारा पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. हे ठळक सांगायला हवं, कारण तो क्रमांक हाती आला की लोक सहा सहा महिने निर्धास्त राहतात.

दुसरा रस्ता पोलिस ठाण्याचा, आणि तिथे पहिलं वाक्य कानावर पडतं: ‘हे सायबरचं आहे, सायबरला जा.’ असं जायची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार तपास पोलिस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, एवढंच. गुन्हा नोंदवायला कुठलंही ठाणं चालतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची; यालाच झिरो एफआयआर म्हणतात. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. लैंगिक छळ, चोरून चित्रण, पाठलाग, विनयभंगाचे शब्द किंवा हावभाव, या गुन्ह्यांत तक्रार देणाऱ्या बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा आहे. ठाण्यात महिला अधिकारी नसेल तर बोलावून घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, ‘उद्या या’ हे उत्तर होऊ शकत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

‘अर्ज देऊन जा, चौकशी करतो’ हे दुसरं नेहमीचं उत्तर. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या संहितेत आहे, हे खरं. पण त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवावी लागते. म्हणून अर्जावर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा जा. अदखलपात्र म्हणून एनसी नोंदवून बोळवण होत असेल तर वकिलाला ती दाखवा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपासून पुढची शिक्षा असलेले गुन्हे दखलपात्रच आहेत. नकारच आला तर तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ चा (विनयभंगाचे शब्द किंवा हावभाव) गुन्हा नोंदवून घ्यायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला त्याच संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम ठाण्यात आवाज चढवून सांगण्यापेक्षा लेखी अर्जाच्या शेवटी शांतपणे नमूद करावं. त्याचा परिणाम जास्त होतो.

अर्ज एक पानाचा असावा. ‘अश्लील मेसेज पाठवले’ असं लिहून थांबू नका. मेसेजमधले शब्द जसेच्या तसे लिहा, कितीही अवघड वाटलं तरी, कारण कुठलं कलम लागतं ते त्या शब्दांवरच ठरतं. लैंगिक शेरे मारले तर न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये एक वर्षापर्यंत शिक्षा. शरीरसुखाची मागणी केली किंवा इच्छेविरुद्ध अश्लील चित्र दाखवलं तर त्याच कलमात तीन वर्षांपर्यंत. उघड लैंगिक कृतीचा मजकूर टाकला किंवा पाठवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७-अ, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. खोटं खातं काढलं असेल तर ६६-क आणि ६६-ड. अजूनही काही अर्जांत ६६-अ लिहिलेलं दिसतं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं आहे, त्यावर बेतलेला अर्ज फुकट जातो. तपास अधिकाऱ्याला एक विनंती अर्जातच करून ठेवा: कंपनीला त्या खात्याची माहिती जपून ठेवायची नोटीस आजच पाठवावी. फेसबुक, इन्स्टाग्राम चालवणारी मेटासारखी कंपनी अशा नोटिशीवर ९० दिवस माहिती राखून ठेवते, तेवढ्यात पुढची कायदेशीर मागणी जायला हवी.

‘फोटो तूच दिलास ना?’ हा प्रश्न घरात आणि ठाण्यात दोन्हीकडे येतो, आणि तो ऐकून मुली तिथेच गप्प होतात. कायद्याने त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. न्याय संहितेच्या कलम ७७ चं स्पष्टीकरण सांगतं की चित्र काढायला संमती होती, पण ते तिसऱ्याला दाखवायला नव्हती, आणि तरीही ते पसरवलं, तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी किमान एक वर्ष, कमाल तीन. दुसऱ्या वेळी तीन ते सात. नवऱ्याला, प्रियकराला किंवा होणाऱ्या नवऱ्याला फोटो पाठवणं हा गुन्हा नाही. तो फोटो पुढे गेला तर गुन्हेगार पुढे पाठवणारा. आणि पुढे पाठवणाऱ्यांत ‘बघा, काय चाललंय आजकाल’ म्हणत सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे काकाही येतात, कारण ६७-अ मध्ये पाठवण्याचा हेतू निषेधाचा होता का मजेचा, असा भेद नाही. ग्रुपच्या ॲडमिननी घाबरून जाऊ नये. सदस्याच्या पोस्टसाठी, संगनमत असल्याखेरीज, ॲडमिन जबाबदार धरला जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण ॲडमिनला तो मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. आधी पुराव्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो पुसावा आणि टाकणाऱ्याला बाहेर काढावं.

मॉर्फ केलेल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांत एक कायदेशीर पेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं खासगी अवयवांच्या चित्रणाचं कलम ६६-ई खऱ्या शरीराच्या चित्राबद्दल बोलतं, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. त्याच कायद्याचं ६७ (अश्लील मजकूर) किंवा ६७-अ, आणि न्याय संहितेची नावलौकिकाला बाधा आणण्यासाठी केलेल्या बनावटीचं कलम ३३६(४) व कलम ७९ ही सोबत लावून घ्यावीत. अशा प्रकरणांत आरोपी सापडत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावाला’ लावणारं ॲप गिटहब या प्रोग्रामचे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आलं, तेव्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच परराज्यांतून अटका केल्या. आणि त्याच्याही कितीतरी आधी, २००४ साली, चेन्नईत याहू ग्रुपवर एका बाईविरुद्ध घाण टाकणाऱ्याला तक्रारीनंतर सात-आठ महिन्यांत शिक्षा झाली होती. तक्रार लवकर झाली आणि नोंदी ताज्या असल्या की तपास होतो.

पुरुषांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ते सांगतच नाहीत. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, काही सेकंदांत पडद्यावर नग्नता दिसते, समोरून रेकॉर्डिंग होतं आणि दहा मिनिटांत पैशाची मागणी सुरू. नंतर ‘सायबर पोलिस’ किंवा ‘सीबीआय’ म्हणून दुसऱ्याच माणसाचा फोन येतो, तोही त्याच टोळीचा. पैसे देऊ नका. एकदा दिले की आकडा वाढत जातो, कारण हा माणूस देतो हे त्यांना कळलेलं असतं. दिले गेलेच असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येतात, आणि तिथे तासातासाने फरक पडतो. फेसबुकची मित्रयादी लपवा, कॉलची नोंद आणि ज्या यूपीआय पत्त्यावर पैसे मागितले तो जपून ठेवा, आणि घरातल्या दोन-चार जवळच्यांना स्वतःच सांगून टाका. धमकीची सगळी ताकद त्या लोकांना कळेल या भीतीत असते. न्याय संहितेची कलम ७५ ते ७९ बाईविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आहेत. पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं, न्याय संहितेतलं खंडणीचं ३०८ आणि धमकीचं ३५१ लागू होतात. ३०८ मध्ये आता सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

१८ वर्षांखालच्या मुलाचा प्रश्न असेल तर सगळा हिशेब बदलतो. तिथे पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा) लागतो, आणि ज्याला गुन्हा कळला त्या प्रत्येकावर कळवण्याचं बंधन कलम १९ खाली येतं. मुख्याध्यापकांनी दोन्ही पालकांना केबिनमध्ये बोलावून ‘मिटवून टाका’ म्हणणं हा स्वतःच गुन्हा ठरतो. मुलाचा तसला फोटो पुरावा म्हणूनही नातेवाइकांना पाठवू नका, शिक्षकांच्या ग्रुपवर तर नाहीच. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य जवळ बाळगण्याबद्दल कडक भूमिका घेतली आहे. फोन आहे तसा पोलिसांकडे न्या, मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८. पाठवणारा मुलगाही अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तो तुरुंगात जाईल या भीतीने शिक्षक तोंड बंद ठेवतात, ती भीती अनाठायी आहे.

ऑफिसातला वरिष्ठ रात्री अकराला ‘काय घातलंयस’ विचारत असेल तर ती खासगी बाब नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातली कामाची जागा भिंतींपुरती नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, नसेल किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बायकांनाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. चौकशी ९० दिवसांत. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या समित्यांच्या दुरवस्थेवर बोट ठेवलं होतं. समिती आणि पोलिस हे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात, एकाने दुसरा बंद होत नाही.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा, की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात हे कार्यालय असतं, फोन १५१००. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

पालकांना एक विनंती. मुलीने येऊन सांगितलं की तिचा फोन काढून घेऊ नका. तक्रारीला तो फोन लागणार आहे, हा भाग आहेच. पण फोन जाईल, कॉलेज बंद होईल, लग्न लवकर लावतील, या भीतीनेच मुली महिनोन्महिने सांगत नाहीत, आणि धमकावणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. पहिल्या दिवशी नुसतं शेजारी बसून ती वही तिच्याबरोबर भरा.

आणि संपादक महोदय, एक मागणी तुमच्याकडे. अशा बातम्यांत नाव बदललेलं असतं, पण गाव, कॉलेज, वर्ग आणि वडिलांचा व्यवसाय छापलेला असतो; तालुक्याच्या ठिकाणी एवढ्यावरून मुलगी ओळखायला कुणालाही अर्धा दिवस पुरतो. अल्पवयीन असेल तर हे पोक्सोच्या कलम २३ चं उल्लंघन आहे. प्रौढ स्त्रीला ऑनलाइन छळाच्या सगळ्या कलमांत कायद्याने असं संरक्षण नाही, तिथे तुमच्या उपसंपादकाची कात्री हाच तिचा आधार. व्हायरल व्हिडिओतली धूसर केलेली चौकटही छापू नये, मूळ शोधायला लोकांना तेवढी पुरते. जुन्या बातम्या तुमच्या वेबआवृत्तीत वर्षानुवर्षं तशाच राहतात आणि लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी नाव टाकून शोधल्या जातात. त्यातली ओळख पुसून घेण्यासाठी अर्ज कुठे करायचा, त्याचा ईमेल पत्ता तुमच्या संकेतस्थळावर ठळक दिसेल अशा जागी द्यावा.

आपले,
सायबर गुन्ह्यांतील तक्रारदारांसोबत काम करणारे वकील व समुपदेशक, पुणे